‘घरी न्या, सेवा करा’. पण सेवा म्हणजे नेमके काय?

“डॉक्टर, आण्णांना हॉस्पिसमध्ये ठेवायचं की पॅलिएटिव्ह केअर करायची? दोन्हींत चांगलं कोणतं?”

सायखेड्याहून आलेल्या एका कांदा उत्पादकाच्या मुलाने ओपीडीत हा प्रश्न विचारला. वडील सत्तरीचे. अनेक वर्षे तंबाखू, मग तोंडाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी. आता आजार मानेत आणि फुप्फुसात पसरलेला. शेवटच्या तपासणीत एका मोठ्या रुग्णालयाने सांगितले होते, “आता करण्यासारखे काही नाही. घरी न्या, सेवा करा.” मुलाने मोबाईलवर शोधाशोध केली. तिथे त्याला दोन शब्द सापडले आणि दोघांतून एक निवडायचा असतो, असा त्याचा समज झाला. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मी त्याला आधी उलटे प्रश्न विचारले. आण्णा रात्री झोपतात का? “आडवे होताच येत नाही. खाटेवर बसून रात्र काढतात.” वेदनेसाठी काय चालू आहे? “गावातले डॉक्टर रोज एक इंजेक्शन देतात. चार तास बरं वाटतं.” जखमेचे काय? यावर मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “वास येतो. माणसं यायची बंद झालीत. आण्णा स्वतःच पडवीत जाऊन झोपतात.”

‘करण्यासारखे काही नाही’ असे ज्या माणसाबद्दल सांगितले गेले, त्याच्यासाठी करण्यासारख्या किमान तीन गोष्टी तर या पाच मिनिटांतच पुढे आल्या. हॉस्पिस की पॅलिएटिव्ह, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न आला कुठून?

हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर यांतून एकाची निवड करायची, ही मांडणी मुख्यतः अमेरिकेची. तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात १९८२ च्या कायद्याने हॉस्पिसचा लाभ आला. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. आजार नेहमीच्या गतीने वाढला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी आहे, असे डॉक्टरांनी प्रमाणित करायचे आणि त्या आजारावरचे बरे करणारे उपचार सोडत असल्याचे रुग्णाने लिहून द्यायचे. त्यामुळे तिथल्या कुटुंबापुढे खरोखरच दोन रस्ते असतात. ही विम्याने आखलेली रेघ आहे. इंटरनेटवरून ती जशीच्या तशी आपल्याकडे येते आणि निफाड तालुक्यातला मुलगाही ‘सहा महिने’ मोजायला लागतो.

मुळात हे दोन शब्द एकाच विचारातून जन्मले. आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. तिच्यात मनाची भीती, पैशाची आणि कुटुंबाची चिंता, ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, असे सगळे गुंतलेले असते, ही त्यांची मांडणी. पुढे १९७० च्या दशकात कॅनडातील मॉन्ट्रियलचे शल्यविशारद बाल्फोर माउंट यांनी तेच काम रुग्णालयात सुरू केले. मात्र तिथल्या फ्रेंच भाषकांच्या मनात हॉस्पिस म्हणजे निराधारांचे आश्रयस्थान अशी प्रतिमा होती. म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द वापरात आणला. शब्दाची भीती तेव्हाही होती, आजही आहे.

आपल्यासाठी फरक सोपा करून सांगायचा तर असा. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, ही एक उपचारपद्धती आहे. वेदना, धाप, उलट्या, जखम, झोप, नैराश्य आणि कुटुंबाची ओढाताण यांवर ती काम करते. मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ती देता येते. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात हीच सेवा देणारी व्यवस्था. आपल्याकडे बहुतेक वेळा एक जागा. प्रत्येक हॉस्पिसमध्ये पॅलिएटिव्ह केअर असते, पण पॅलिएटिव्ह केअरसाठी हॉस्पिसमध्ये जावेच लागते असे नाही.

‘शेवटी’ नव्हे, लवकर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते. त्यांपैकी आयुष्याच्या अखेरच्या वर्षात असलेले २ कोटी ५७ लाख. म्हणजे निम्म्याहून अधिक गरजू अखेरच्या वर्षात नसतातच. केवळ कर्करोगाचेच नव्हे, तर हृदय निकामी होत चाललेले, डायलिसिसवरचे, फुप्फुसाच्या जुनाट आजाराने धापणारे, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले असे सगळे त्यांत येतात. आणि गरज असलेल्यांपैकी सेवा मिळते ती सुमारे १४ टक्क्यांना.

‘पॅलिएटिव्ह म्हणजे हार मानणे’ या समजाला सर्वांत ठोस उत्तर २०१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अभ्यासाने दिले. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच निदान झालेल्या १५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि सोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी राहिले, अखेरच्या दिवसांतले आक्रमक उपचारही त्यांनी कमी घेतले. तरीही ते अधिक जगले: मध्यक ११.६ महिने, नेहमीच्या उपचारांवरच्या गटाचे ८.९ महिने. प्रत्येक आजारात आयुष्य वाढेलच, असा याचा अर्थ नाही. पण वेदना शमवल्याने माणूस लवकर जातो, ही भीती निराधार आहे, एवढे यातून नक्की दिसते.

आण्णांच्या बाबतीत ही सेवा केमोथेरपीच्या पहिल्या फेरीसोबतच सुरू व्हायला हवी होती. ती सुचवली गेली नाही. आमच्या पेशाची ही जुनी सवय आहे. रोग बरा करणे हे आमचे काम आणि तो बरा होत नसेल तर उरलेले काम घरच्यांचे, असे आम्ही नकळत धरून चालतो. ‘सेवा करा’ म्हणताना सेवा कशी करायची, कोणत्या औषधाने, रात्री अडले तर फोन कुणाला, हे कागदावर लिहून देत नाही. हे मी स्वतःलाही सांगतो आहे. उमेदीच्या वर्षांत मीही अनेकांना असेच घरी पाठवले आहे.

आपल्या राज्यात काय आहे?

देशातले पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना तिथे मोफत ठेवून घेतात. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिपला संस्थेचे पॅलिएटिव्ह केंद्र आहे. तिथली पद्धत जरा वेगळी. रुग्णासोबत घरचे माणूसही राहते, त्रास आटोक्यात आणतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात आणि शक्य असेल तेव्हा रुग्णाला पुन्हा घरी पाठवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

सरकारी बाजूने पाहिले तर पॅलिएटिव्ह केअरचे धोरण देशात सर्वप्रथम केरळने २००८ मध्ये केले आणि त्यानंतर २०१२ मध्ये महाराष्ट्राने. राज्याच्या प्रायोगिक कार्यक्रमाची सुरुवात ज्या जिल्ह्यातून झाली, तो आपलाच नाशिक जिल्हा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही ही सेवा आहे. आज ज्यांना आपण आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतो, त्या उपकेंद्रांतून आणि प्राथमिक केंद्रांतून द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक सेवा आहे.

कागद असा भक्कम आहे. तरी सायखेड्याच्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयात यासाठी जाता येते, हे कुणी सांगितले नव्हते. आशाताई घरी येत होत्या, पण त्यांना हे काम आपले वाटत नव्हते. केरळात घरी जाणारी पॅलिएटिव्ह नर्स ही ग्रामपंचायतीच्या नियोजनाचा भाग असते आणि गावातले स्वयंसेवक तिच्यासोबत फिरतात. फरक पैशाचा कमी आणि जबाबदारी कुणाची हे ठरवण्याचा जास्त आहे.

आपल्या आरोग्य योजनांची घडणही पाहायला हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांसाठी तिचा मोठा आधार होतो. पण अशा योजना मुळात रुग्णालयातील उपचारांभोवती उभ्या आहेत. घरी येणारी नर्स, ड्रेसिंगचे सामान, हवेची गादी, शुश्रूषेसाठी बुडालेली मजुरी हे सगळे कुटुंबाच्याच खिशातून जाते. अतिदक्षता विभागातील चार दिवसांसाठी माणसे द्राक्षबागेवर कर्ज काढतात, आणि ज्या गोष्टींना तुलनेने थोडे पैसे लागतात त्या मिळतच नाहीत.

मॉर्फिनची अडचण

तीव्र कर्करोग-वेदनेवरचे मुख्य औषध तोंडाने घ्यायचे मॉर्फिन. त्याच्या गोळ्या महाग नाहीत. ज्या अफूपासून ते बनते, ती अफू शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही ते आपल्याकडच्या रुग्णाला सहज मिळत नाही.

कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी आणि चूक झाली तर कठोर शिक्षा. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिन न लिहिता निवृत्त झाल्या. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसारखी औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांच्या एकाच मान्यतेवर ती ठेवता येऊ लागली. कायदा बदलला, पण भीती अजून पुरती गेलेली नाही.

घरच्यांची भीती वेगळी असते: व्यसन लागेल, माणूस गुंगीत राहील, लवकर जाईल. वेदनेच्या मापाने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे फार क्वचित घडते. सुरुवातीचे काही दिवस झापड आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यावेच लागते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा सांभाळावी लागते. गोळी वेदना उठल्यावर घ्यायची नसते; वेदना उठूच नये म्हणून ठरलेल्या वेळी घ्यायची असते. एवढे समजले तर घरच्या सुनेलाही हे औषध नीट देता येते.

मग हॉस्पिस केव्हा?

आपल्याकडची बहुतेक माणसे शेवटचे दिवस आपल्या घरात, आपल्या माणसांत काढू इच्छितात. नर्सची फेरी, औषधे आणि एक फोन नंबर यांची सोय असेल तर अनेकांच्या बाबतीत ते शक्य असते. पण ‘घरीच ठेवायचे’ हा हट्टही होऊ नये. वेदना किंवा धाप घरी आवरत नसेल, रक्तस्राव होणारी मोठी जखम असेल, सांभाळणारे एकटेच वृद्ध माणूस असेल, एका खोलीत लहान मुले आणि रुग्ण असतील किंवा सांभाळणारी बाई स्वतःच आजारी पडायला आली असेल, तर हॉस्पिसचा विचार जरूर करावा. काही ठिकाणी थोड्या दिवसांपुरतेही ठेवून घेतात. घरच्यांना दम घेता येतो, रुग्णाची औषधे नीट बसतात. याला टाकून देणे म्हणत नाहीत.

मात्र नाशिकहून मुंबई काय नि पुणे काय, दोन्हीकडे जायला चार-पाच तास मोडतात. जो माणूस मोटारीत बसू शकत नाही, त्याला तिथवर नेणे हाच त्रास होऊ शकतो. म्हणून जायचेच असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. आधी फोनवर चौकशी करावी, कागद पाठवावेत आणि प्रवासात लागणारी औषधे सोबत घ्यावीत.

घरी ठेवायचे ठरले तर एका गोष्टीची तयारी हवी: रात्री दोन वाजता काय करायचे याची. धाप वाढते, घरचे घाबरतात, १०८ ला फोन जातो आणि ज्या माणसाला घरी राहायचे होते तो अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये शेवटचा दिवस काढतो. त्यात कुणाचाच दोष नसतो. पुढे काय होणार आहे, हे आधी कुणी सांगितलेले नसते. धाप लागली तर उशाला आधार देऊन बसवावे, चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्यावा, डॉक्टरांनी लिहून ठेवलेली मात्रा द्यावी. शेवटच्या दिवसांत भूक जाते. ती आजाराचा भाग म्हणून जाते. माणूस उपाशी मरत नसतो. अशा वेळी आग्रहाने लावलेल्या सलाईनने अनेकदा सूज आणि छातीतली घरघरच वाढते. ओला बोळा ओठांना लावणे, तोंड स्वच्छ ठेवणे ही तेव्हाची खरी सेवा.

घरी मृत्यू झाला तर पोलीस येतील का, दाखला मिळेल का, ही भीतीही अनेकांना असते. आजाराने आलेल्या नैसर्गिक मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. उपचाराचे कागद आणि ओळखीचे डॉक्टर असले की त्यात अडचण येत नाही.

रुग्णाला विचारले का?

या सगळ्यात एक माणूस मागे राहतो, तो म्हणजे रुग्ण. “त्यांना काही सांगू नका,” हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. त्यामागे माया असते. पण बहुतेक रुग्णांना ठाऊक असते आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प बसतात.

कायद्यानेही रुग्णाच्या शब्दाला आता वजन दिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशके बेशुद्धावस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यातून २०११ मध्ये ही चर्चा सुरू झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. त्याची प्रत ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडेही द्यायची असते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. हे दयामरण नव्हे. बरे होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नका, एवढेच त्यात सांगता येते. वेदनाशमन थांबवा, असे त्यात कुणी लिहीत नाही. इच्छापत्र नसले तरी रुग्ण शुद्धीत असताना त्याला विचारून ठेवलेली चार वाक्ये पुढे घरातले वाद टाळतात.

जिल्ह्याने करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फिन आणि ते लिहू शकणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. मोठ्या रुग्णालयाने ‘घरी न्या’ म्हणताना रुग्णाची चिठ्ठी त्याच्या प्राथमिक केंद्राला पाठवावी. आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या कामाच्या नोंदीत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरची फेरी मोजली जावी. आणि ग्रामपंचायतीने आपल्या गावात असे किती रुग्ण आहेत, त्यांची यादी तरी करावी.

तोवर कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: त्रास कमी करायला आजपासून काय सुरू करता? मॉर्फिन कुठे मिळेल? घरी कोण येईल? रात्री फोन कुणाला करायचा? आणि घरी जमले नाही तर कुठे न्यायचे? यांची उत्तरे मिळाली, की हॉस्पिस की पॅलिएटिव्ह हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आण्णांना मॉर्फिन सुरू केले, सोबत रेचक. जखम धुऊन त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकायला सुनेला शिकवले. त्याने वास कमी होतो, हा साधा आणि स्वस्त उपाय. पावसाळ्याचे दिवस होते. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा-चांदोरीत गोदावरीचे पाणी शिरते, पूल बंद होतो. म्हणून औषधे आधीच जास्त दिवसांची दिली. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. आण्णा आडवे होऊन झोपले होते, पडवीत नाही, घरात. त्यानंतर ते सात आठवडे जगले. त्यांनी स्वतःच मुलाला जवळ बसवून देण्याघेण्याचा हिशेब सांगितला आणि रुग्णालयात न्यायचे नाही, हेही सांगितले. हॉस्पिसची गरज पडली नाही. पडली असती, तर नंबर मुलाच्या खिशात होता.